नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आणि ऑटिस्टिक प्रौढ : कोणता आवाज थांबतो, कोणता थांबत नाही

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पहिल्यांदा कानावर चढवले की एक चमत्कारिक अनुभव येतो. एअर कंडिशनरची घरघर, पंख्याचा आवाज, रस्त्यावरच्या वाहनांचा दुरून येणारा एकसलग घोंगाट हे सगळे क्षणात मागे सरते. पण पलीकडच्या टेबलावर चाललेले बोलणे मात्र तसेच ऐकू येते, किंबहुना आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येते. ज्या ऑटिस्टिक (स्वमग्न) व्यक्तीने नेमके हे बोलणेच सहन होत नाही म्हणून बरेच पैसे खर्चून हेडफोन घेतलेले असतात, तिला आपण फसलो असे वाटणे स्वाभाविक आहे. हेडफोनमध्ये दोष नसतो. ज्या आवाजासाठी ते बनवलेले आहेत तो आवाज आणि ज्या आवाजाचा त्या व्यक्तीला त्रास होतो तो आवाज, हे दोन वेगळे असतात इतकेच. हेडफोन नेमके काय करतात आणि ऑटिस्टिक माणसाला आवाज एवढा जड का जातो, या दोन गोष्टी नीट समजल्या तर याच साधनाचा मोठा आधार होऊ शकतो.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमविषयीचा आपला प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला, तेव्हाच त्यांनी आपल्याकडे आलेल्या मुलांना व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहते पाणी यांसारख्या गोष्टींची दहशत वाटते, अशी नोंद करून ठेवली होती. पुढची कित्येक दशके मात्र संशोधकांचे आणि डॉक्टरांचे लक्ष प्रामुख्याने बोलणे, नजर मिळवणे, लोकांत मिसळणे याच गोष्टींवर राहिले, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांचा त्रास हा एक किरकोळ विक्षिप्तपणा मानला गेला. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद ऑटिझमच्या निकषांमध्ये स्पष्ट शब्दांत आला. तोवर जे मोठे होऊन गेले होते, त्या असंख्य ऑटिस्टिक व्यक्तींचे बालपण आणि तारुण्य ‘एवढ्याशा आवाजाचे काय घेऊन बसलास’ हे ऐकण्यातच गेले, आणि आपल्याला होणारा त्रास खरा आहे यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास उरला नाही. प्रौढांसाठी लिहिताना हे आधी सांगावे लागते, कारण हेडफोन घ्यावेत का, या प्रश्नाआड अनेकदा ‘मला हे मागण्याचा हक्क आहे का’ हा प्रश्न दडलेला असतो. त्याचे उत्तर ‘आहे’ असेच आहे.

हा त्रास बहुतेक वेळा कानाचा नसतो. श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन तपासणी केली तर आलेख अगदी सामान्य निघतो, आणि मग ‘काही झालेले नाही’ म्हणून घरी पाठवले जाते. फरक असतो तो कानाने पोचवलेल्या आवाजाचे मेंदू पुढे काय करतो यात. सर्वसाधारणपणे तोच तो आवाज सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणे हळूहळू कमी करतो. खोलीत शिरल्यावर जाणवलेली फ्रिजची घरघर दहा मिनिटांनी जाणवेनाशी होते ती त्यामुळेच. संवेदनांचा त्रास जास्त असलेल्या ऑटिस्टिक मुला-किशोरांच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन झालेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की, भीती आणि धोक्याची जाणीव हाताळणारा अमिग्डला हा भाग, तेच उद्दीपन पुन्हा पुन्हा येऊनही, अपेक्षेइतका शांत होत नाही. म्हणजे इतरांना पहिल्या मिनिटाला जो फ्रिज ऐकू येतो, तो अशा व्यक्तीला पहिल्या तासालाही तसाच ऐकू येत असतो.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ॲना रेमिंग्टन आणि जेक फेअरनी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना काही माणसे पार्टीची तयारी करत असल्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले आणि त्यातल्या ठरावीक संभाषणाकडेच लक्ष द्यायला सांगितले. मध्येच एक माणूस ‘मी गोरिला आहे’ असे म्हणत त्या खोलीतून जातो. ऑटिस्टिक नसलेल्या बहुतेकांच्या हे कानावरूनही गेले नाही. ऑटिस्टिक सहभागींमध्ये मात्र ते टिपणाऱ्यांचे प्रमाण बरेच जास्त होते. संशोधकांनी काढलेला अर्थ असा, की ऑटिस्टिक मेंदूची एका वेळी आवाज ग्रहण करण्याची क्षमता जास्त असते. लक्ष देण्यात उणीव आहे असे याला म्हणता येत नाही, कारण नेमून दिलेले कामही त्यांनी व्यवस्थित केले होते. परंतु जे जास्त ऐकू येते ते सगळे कुठेतरी हाताळावेही लागते. गजबजलेल्या जागी चार संभाषणे, एक फोन, एक प्रिंटर आणि खुर्चीचे सरकणे हे सगळे सारख्याच जोराने आत येऊ लागले की समोरच्या माणसाचे शब्द त्यातून वेचून काढण्यासाठी खूप शक्ती खर्च होते.

ही शक्ती कशी संपत जाते ते बाहेरून दिसत नाही. सकाळी दहा वाजता कार्यालयात येऊन बसलेली व्यक्ती अकरा वाजता छान बोलत असते. साडेबाराच्या सुमारास ती ईमेलची तीच ओळ तिसऱ्यांदा वाचत असते, कारण मागे कोणीतरी पेनाचे टोपण टकटक उघडझाक करत आहे आणि प्रत्येक टकटकीला तिचे वाचन तुटते आहे. दोन वाजता तिला विचारलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर सुचायला वेळ लागतो. शर्टाची कॉलर मानेला टोचू लागते, दिवे जास्त प्रखर वाटू लागतात. सकाळी हीच कॉलर आणि हेच दिवे सहज चालले होते. चार वाजता कोणी हसून खांद्यावर हात ठेवतो आणि तिला रडू फुटते किंवा ती एकदम चिडते. पाहणाऱ्याला वाटते की खांद्यावर हात ठेवल्यामुळे असे झाले. प्रत्यक्षात तो दिवसभराच्या भाराचा केवळ शेवटचा कण असतो. संवेदनांच्या अशा अतिभारातून काही जणांचा भावनांवरचा ताबा सुटतो, त्याला मेल्टडाउन म्हणतात. काही जण गप्प होतात, हालचाल मंदावते, बोलायचे असूनही शब्द फुटत नाहीत, त्याला शटडाउन म्हणतात. यांपैकी काहीही हट्ट किंवा नाटक नसते. प्रौढांच्या बाबतीत गुंतागुंत अशी, की वर्षानुवर्षे हे लपवण्याची सवय झाल्यामुळे अनेकांना आपला भार वाढतो आहे हे वेळेवर कळतच नाही. थेट घरी पोचून दार लावल्यावरच कळते.

आता हेडफोनकडे वळू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात वेगाने होणारा चढउतार. एका लाटेचा उंचवटा जिथे येतो, तिथेच दुसऱ्या लाटेचा खळगा आणून ठेवला तर दोन्ही एकमेकींना खोडतात आणि पाणी सपाट राहते. हवेतल्या दाबाच्या लाटांचेही तसेच होते. ही कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाला याच तत्त्वासाठी १९३६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले होते, पण तेव्हाच्या यंत्रांना ते प्रत्यक्षात उतरवणे झेपणारे नव्हते. ‘बोस’ या ध्वनिसाधनांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानातल्या हेडफोनवर इंजिनाच्या आवाजामुळे नीट ऐकू येईना, आणि त्यांनी त्या प्रवासातच यावर आकडेमोड सुरू केली. त्यातून पुढे १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचे हेडसेट बाजारात आले. साधनाचा हा जन्म लक्षात ठेवण्याजोगा आहे. ते विमानाच्या इंजिनाच्या एकसुरी, खोल घरघरीसाठी घडवले गेले, आणि त्याचे गुण-दोष आजही तिथूनच आलेले आहेत.

हेडफोनच्या कपावर बारीक मायक्रोफोन असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याच्या नेमकी उलट लाट तयार करते, आणि स्पीकर ती कानाजवळ सोडतो. सगळा खेळ वेळेचा आहे. दर सेकंदाला १०० कंपने, म्हणजे १०० हर्ट्झचा खोल आवाज घेतला तर त्याचे एक आवर्तन १० मिलिसेकंदांचे असते. उलट लाट अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचली तरी बरेचसे काम होऊन जाते. १००० हर्ट्झच्या आवाजाचे आवर्तन मात्र एकाच मिलिसेकंदाचे असते, आणि तिथे अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर झाला तर उंचवट्यासमोर खळग्याऐवजी उंचवटाच येईल आणि आवाज कमी होण्याऐवजी वाढेल. अंतराचाही असाच हिशेब आहे. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी हवेत सुमारे ३.४ मीटर असते, तर ५००० हर्ट्झच्या लाटेची जेमतेम ७ सेंटिमीटर. इतक्या आखूड लाटेत मायक्रोफोनपासून कानाच्या पडद्यापर्यंतचे थोडेसे अंतरही गणित बिघडवायला पुरेसे होते. म्हणून चांगले हेडफोनसुद्धा उलट लाटेचे तंत्र मुख्यतः सुमारे १००० हर्ट्झच्या खालच्या आवाजांवर वापरतात, आणि त्यावरच्या आवाजांसाठी कपाची भिंत आणि कानाभोवतीची गादी यांच्यावर विसंबतात. खेरीज, हे तंत्र एकसारख्या चालणाऱ्या आवाजावर उत्तम चालते. अचानक पडलेल्या ताटलीचा खणखणाट किंवा दार आपटल्याचा आवाज बऱ्याच अंशी त्याच्या हातून निसटतो.

सुरुवातीला सांगितलेल्या निराशेचे कारण इथे सापडते. माणसाच्या आवाजाची मूळ पट्टी साधारण १०० ते २५० हर्ट्झच्या आसपास असली, तरी शब्द ओळखू येतात ते मुख्यतः त्याच्या कितीतरी वरच्या पट्टीतल्या व्यंजनांमुळे. स, श, च, ट यांसारख्या ध्वनींची बरीचशी शक्ती २००० हर्ट्झच्या पुढे असते. हेडफोन खालची घरघर काढून घेतात आणि ही व्यंजने तशीच राहतात. घरघरीने आतापर्यंत त्या शब्दांवर जे पांघरूण घातले होते तेही निघून जाते, आणि बोलणे उघडे पडते. अलीकडच्या काही हेडफोनांनी बोलण्याचा आवाजही बऱ्यापैकी कमी करायला सुरुवात केली आहे, पण तो पूर्णपणे जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. ही मर्यादा सांगण्यामागे साधन वाईट आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. दर १० डेसिबल घट झाली की आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो; खालच्या पट्टीत २० डेसिबलची घट मिळाली, तरी दिवसभर डोक्यात घुमणारी घरघर पावपट होऊन जाते. ज्या मेंदूला त्या घरघरीची सवय होत नाही त्याच्यासाठी हा फरक प्रचंड आहे. प्रवासात, मोठ्या दुकानांत, यंत्रे सतत चालणाऱ्या जागी हेडफोन घालून बाहेर पडलेले अनेक ऑटिस्टिक लोक हेच सांगतात, की शांतता मिळाली यापेक्षा संध्याकाळी अंगात थोडी शक्ती उरली, हे त्यांना अधिक जाणवते.

त्यामुळे खरेदीपूर्वी करण्याचे पहिले काम म्हणजे आपल्याला कोणते आवाज छळतात हे ओळखणे. आठवडाभर फोनमध्ये साधी टिपणे ठेवली तरी पुरते : कुठे होतो, कोणता आवाज होता, तो सलग होता की अचानक, मोठा होता की बारीक, आणि त्यानंतर कसे वाटले. टिपणांत पंखे, इंजिने, एअर कंडिशनर, रहदारी असे आवाज पुन्हा पुन्हा आले तर नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हे योग्य साधन आहे. भांडी, हॉर्न, लहान मुलांचे रडणे, खुर्च्या ओढणे असे वरच्या पट्टीतले आणि आकस्मिक आवाज जास्त आले, तर कानात घालायचे फोमचे साधे इअरप्लग किंवा कारखान्यात कामगार कानांवर चढवतात तसले जाड इअरमफ अनेकदा अधिक उपयोगी पडतात, आणि ते बरेच स्वस्तही असतात. संभाषण तर करायचे आहे पण सगळेच थोडे खाली उतरवायचे आहे, अशा वेळी संगीतकारांसाठी बनवलेले फिल्टरचे इअरप्लग चांगले, कारण ते सगळ्या पट्ट्यांतला आवाज जवळजवळ सारख्याच प्रमाणात कमी करतात आणि त्यामुळे बोलणे गढूळ होत नाही. इतरांचे बोलणेच नको असेल, तर नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून त्यावर पावसाचा किंवा धबधब्याचा आवाज किंवा तसाच एखादा एकसंध आवाज अगदी हळू लावावा; हेडफोनने काढून घेतलेले पांघरूण आपल्याला सोसवेल अशा आवाजाचे पुन्हा घालण्याचा हा उपाय आहे, आणि माझ्या मते कार्यालयासाठी तो सर्वांत कमी सांगितला जाणारा पण सर्वांत कामाचा आहे.

टिपणांतून कधी कधी वेगळेच चित्र निघते. आवाज लहान असो वा मोठा, एका विशिष्ट आवाजाने, बहुधा कोणाच्या चावण्याने, नाक ओढण्याने किंवा पेनाच्या टकटकीने, संतापाची किंवा किळसेची लाट येते; याला मिसोफोनिया म्हणतात. इतरांना सर्वसाधारण वाटणारे बहुतेक सगळेच आवाज प्रत्यक्ष दुखल्यासारखे वाटत असतील तर त्याला हायपरॲक्युसिस म्हणतात. या दोन्ही गोष्टी ऑटिझमबरोबर असू शकतात, ऑटिझमशिवायही असतात, आणि दोन्हींसाठी श्रवणतज्ज्ञाचा किंवा या विषयातल्या मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणे हेडफोन घेण्याइतकेच आवश्यक आहे.

आवाजाचा त्रास असलेल्या माणसाला स्पर्शाचाही त्रास असण्याची शक्यता मोठी असते, ही गोष्ट हेडफोनांच्या जाहिरातींत कुठेच नसते. दुकानात दोन मिनिटे छान वाटलेला हेडफोन तासाभराने डोक्याला शिकंजा घातल्यासारखा आवळू लागतो, कानाभोवती घाम येतो, टाळूवरची पट्टी टोचते, आणि आवाजाचा भार कमी करायला घेतलेली वस्तू स्पर्शाचा नवा भार होऊन बसते. चष्मा लावणाऱ्यांनी एक बारकावा तपासून पाहावा. चष्म्याची काडी गादीखालून कानाकडे जाते, तिथे गादी किंचित उचलली जाते आणि बोटभर लांबीची एक बारीक फट राहते. खालच्या पट्टीतला आवाज आत यायला तेवढी फट पुरते, आणि महागड्या हेडफोनचा परिणाम निम्मा होतो. गादीवर बोटाने हलके दाबून आवाज एकदम खाली जातो का ते पाहिले की हे लगेच कळते. मऊ आणि खोल गादी किंवा पातळ काडीचा चष्मा हे त्यावरचे उपाय आहेत. कानात घालायचे इअरबड घेतले तर डोक्यावरचा दाब टळतो, पण कान बंद झाल्यामुळे स्वतःचे बोलणे, चावणे, पावलांचे दणके आतून घुमू लागतात, आणि काहींना तेच असह्य होते.

नॉइज कॅन्सलिंग चालू करताच विमान वर चढताना कानात दडे बसतात तसे वाटणे हीही नेहमीची तक्रार आहे. हवेचा दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो. खालच्या पट्टीतला आवाज एकदम नाहीसा झाल्यामुळे मेंदू त्याचा तसा अर्थ लावतो, असे मानले जाते. काहींना दोन-चार दिवसांत त्याची सवय होते, काहींना ती कधीच होत नाही. ज्यांना होत नाही त्यांनी ताणून धरू नये. तंत्राची तीव्रता कमी करता येणारे हेडफोन किंवा तंत्राविना नुसते इअरमफ निवडावेत. शांत खोलीत काही हेडफोनांतून येणारा बारीक सूं-सूं आवाजसुद्धा तीक्ष्ण कानांना खुपतो. या सगळ्यामुळे, परत करण्याची मुदत देणाऱ्या ठिकाणाहूनच खरेदी करावी आणि त्या मुदतीत हेडफोन घरात नव्हे, तर जिथे त्रास होतो त्याच जागी वापरून पाहावेत.

हेडफोन कधी घालायचे, हा प्रश्न कोणते घ्यायचे याच्याइतकाच मोठा आहे. बहुतेक जण ते सहन होईनासे झाल्यावर घालतात. तोवर शरीर धोक्याच्या अवस्थेत पोचलेले असते, आणि आवाज बंद झाला तरी ते लगेच खाली येत नाही. मग हेडफोनचा उपयोगच होत नाही असा समज होतो. गर्दीच्या जागी शिरण्याआधी ते घालावेत, शिरल्यानंतर नाही. ज्यांना शरीरातून येणाऱ्या खुणा, म्हणजे भूक, तहान, ताण, उशिरा कळतात, आणि हे ऑटिस्टिक लोकांत पुष्कळदा आढळते, त्यांनी ‘जड वाटायला लागले की घालीन’ असे ठरवण्यापेक्षा घड्याळाचा किंवा जागेचा आधार घ्यावा : बसमध्ये पाय ठेवला की घालायचे, जेवणाच्या सुट्टीतली पहिली वीस मिनिटे घालायचे, बैठकीनंतर दहा मिनिटे घालायचे. बॅटरी संपणे ही यातली खरी अडचण आहे. ज्या आधारावर दिवसाची आखणी केली आहे तो मध्येच नाहीसा होणे हाच एक मोठा धक्का असतो, म्हणून पिशवीत इअरप्लगची एक जोडी कायम ठेवावी.

सतत कान झाकल्याने कान अधिक नाजूक होत नाहीत का, ही शंका निराधार नाही. क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामान्य श्रवणशक्तीच्या स्वयंसेवकांनी दोन आठवडे जवळजवळ सतत इअरप्लग घातले, तेव्हा नंतर त्यांना तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले; ज्यांनी त्याऐवजी कानाशी हळू आवाज सतत चालू ठेवला त्यांच्या बाबतीत उलटे झाले. मेंदूला आवाज कमी मिळाला की तो आपली संवेदनशीलता वाढवतो, आणि पुरेसा आवाज मिळाला की पुन्हा कमी करतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. यावरून काढण्याचा निष्कर्ष मर्यादित आहे. शांत घरातही दिवसभर कान बंद ठेवणे टाळावे. गोंगाटाच्या ठरावीक वेळी ते जरूर बंद करावेत. पण याच प्रयोगाचा आधार घेऊन कोणी ऑटिस्टिक व्यक्तीला ‘हेडफोन काढ, सवय होईल’ असे सांगू लागले तर ते चूक आहे, कारण अतिभाराच्या क्षणी जबरदस्तीने ऐकवलेल्या आवाजाची सवय होत नाही, भीती मात्र पक्की होते. सोसण्याची पातळी वाढवायचीच असेल तर ती तज्ज्ञाच्या मदतीने, हळूहळू, त्या व्यक्तीच्या इच्छेने आणि आवाज कमी-जास्त करण्याचे बटण तिच्याच हातात ठेवून वाढवावी.

या साधनावर झालेले नियंत्रित अभ्यास लहान आहेत आणि त्यांतले बरेचसे मुलांवरचे आहेत. बेथ फायफर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली काही ऑटिस्टिक मुलांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. ताण वाढला की घामामुळे ही वाहकता वाढते. आवाज कमी करणारे हेडफोन घातलेले असताना ती कमी आढळली. प्रौढांच्या बाबतीत पुराव्याचा मुख्य भार त्यांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवांवर आहे, आणि ज्या त्रासाचे मोजमाप बाहेरून होत नाही त्याबाबत तो सोसणाऱ्याचे म्हणणे हा दुय्यम पुरावा मानू नये, असे मला ठामपणे वाटते.

सुरक्षिततेच्या तीन गोष्टी थोडक्यात. रस्ता ओलांडताना किंवा वाहन चालवताना नॉइज कॅन्सलिंग बंद ठेवावे. बाहेरचा आवाज आत घेणारी सोय असेल तर चालताना ती वापरावी. हेडफोनवर काही ऐकत असाल तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा, म्हणजे ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, लक्षात ठेवावी. आसपासचा गोंगाट कमी झाल्यामुळे हळू आवाजातही नीट ऐकू येते, हा या हेडफोनांचा मोठा फायदाच आहे. आणि फटाके, ड्रिल, कारखान्यातली यंत्रे अशा कानाला इजा करणाऱ्या आवाजांपासून संरक्षणासाठी प्रमाणित इअरमफ किंवा इअरप्लगच वापरावेत, कारण बाजारातले बहुतेक नॉइज कॅन्सलिंग हेडफोन त्यासाठी प्रमाणित केलेले नसतात.

राहतो प्रश्न लोकांचा. कानावर हेडफोन असलेला माणूस तुटक आहे, त्याला आपल्याशी बोलायचे नाही, असे लोक धरून चालतात, आणि या भीतीपोटी कितीतरी ऑटिस्टिक प्रौढ पिशवीतले हेडफोन बाहेरच काढत नाहीत. वास्तविक त्यांतले अनेक जण हेडफोनमुळेच त्या जागी थांबू शकतात. ते काढायला लावले तर जागाच सोडून जावे लागेल. कार्यालयात एकदाच, शक्यतो लेखी, असे सांगून ठेवलेले बरे पडते : “आसपासच्या आवाजामुळे माझे काम अडते, म्हणून मी हेडफोन वापरतो. मला बोलवायचे असेल तर समोर येऊन हात हलवा किंवा संदेश पाठवा.” निदान उघड करायचे की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, आणि एवढ्या दोन वाक्यांसाठी ते उघड करावे लागत नाही. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात कामाच्या जागी वाजवी सोयी मिळण्याचा हक्क मान्य केलेला आहे, आणि हेडफोन वापरू देणे ही त्यांतली सर्वांत कमी खर्चाची सोय म्हणता येईल.

सहकाऱ्यांनी आणि घरच्यांनी मागून खांद्याला हात लावू नये, समोरून नजरेस पडावे आणि हेडफोन काढेपर्यंत थांबावे. उत्तर उशिरा आले तर प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारू नये. आणि हेडफोन दिले म्हणजे आपले काम संपले असेही समजू नये : प्रिंटर बसण्याच्या जागेपासून दूर हलवणे, खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवणे, बैठकीत एका वेळी एकाच माणसाने बोलणे, गुणगुणणारा दिवा बदलून घेणे, या गोष्टी त्या एका व्यक्तीने कानावर काहीतरी चढवून भरून काढाव्यात अशी अपेक्षा ठेवणे रास्त नाही. प्रिंटर हलवायला अर्धा तास लागतो, आणि त्याचा फायदा खोलीतल्या सगळ्यांनाच होतो.